पहिले पाऊल आणि घराचा रिवाज

शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालू लागले आणि आपले चौदाव्यातही भिंत सोडीत नाही, एवढ्या कारणावरून घरोघरी जी चिंता शिरते, तिच्या बुडाशी बालकाच्या वाढीविषयीचे काही रूढ समज असतात. त्यांची क्रमाने झडती घेणे इष्ट होय.

गैरसमज : बसणे, रांगणे, चालणे निसर्गाने नेमलेल्या मुदतीत सर्वत्र सारखेच येते.

वस्तुस्थिती : येल विद्यापीठात आर्नोल्ड गेझेल यांनी बालकांची महिनेवार प्रगती नोंदवून जी कोष्टके सिद्ध केली, ती पुष्कळांनी प्रमाण मानली खरी, परंतु केनियातील किप्सिगिस समाजाविषयी चार्ल्स सुपर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांवरून असे दिसले की, जेथे माता तान्ह्याला जमिनीतील उथळ खळग्यात फडक्यांच्या आधाराने बसविते आणि हात धरून पावले टाकावयास शिकविते, तेथे मुले अमेरिकन मुलांच्या आधी बसतात व चालतात, रांगण्यात मात्र, जे तेथे कोणी मुद्दाम शिकवीत नाही, ती पुढे नसतात.

गैरसमज : न रांगलेले किंवा उशिरा चाललेले मूल सदोषच.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत केलेल्या पाहणीत, त्यांपैकी पाच देशांतील नोंदींवरून, निरोगी मुलांच्या स्वतंत्र चालण्याची मर्यादा ८.२ ते १७.६ महिने अशी ठरली, आणि ४.३ टक्के मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. पॅराग्वेच्या अरण्यात पूर्वी भटकणाऱ्या आचे लोकांत तर, जमिनीवरील धोक्यांमुळे मूल सदैव आईच्या अंगाशी असल्याने, ते सुमारे दोन वर्षांचे होऊन चालत असे, आणि पुढे तेच मूल उंच झाडे लीलया चढत असे. अर्थात आपल्याकडे दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, तर हा दाखला पुढे करून वैद्यकीय तपासणीत हयगय करू नये.

गैरसमज : भारतीय मुले वंशानेच ठेंगणी.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या याच पाहणीत ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका यांच्यासमवेत दिल्लीतील सुस्थित घरांची, स्तनपानावर पोसलेली मुलेही होती, आणि या सर्व देशांतील मुलांच्या लांबीतील एकूण तफावतीपैकी देशपरत्वे पडणारा वाटा केवळ सुमारे ३ टक्के निघाला. तेव्हा ज्याचे खापर आपण रक्तावर फोडतो, त्यातील बराच भाग ताटातील उणिवेचा व वारंवारच्या आजारांचा असतो.

गैरसमज : परंपरेतील सारेच हितकर, अथवा सारेच त्याज्य.

वस्तुस्थिती : हलक्या हाताचे तेलमर्दन आणि त्यासोबतचे आईचे बोलणे बालकाला सुखकर खरे, परंतु पहिला चीक पिळून टाकणे म्हणजे रोगप्रतिकारक द्रव्ये फेकून देणे होय, आणि वर्षाच्या आत मध चाटविण्यात बोटुलिझम या विषबाधेचा धोका असतो. याउलट, मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून जो ढकलते, तो लाकडी पांगुळगाडा जुना म्हणून माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी, मुलाला झोळीत बसवून घरभर घरंगळविणारा चाकांचा वॉकर आला. त्याने चालणे तर लवकर येत नाहीच, उलट अपघात घडतात, आणि याच अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीस बंदी घातली. सबब रिवाजाचे वय पाहून निवाडा देऊ नये. त्याने मुलाच्या पायांना काम मिळते की ते त्यांच्याकडून हिरावले जाते, एवढे पाहावे.