मनातील कोंडलेले दुःख आणि योगाभ्यास

दाबलेला राग, न रडलेले दुःख आणि मनात घर करून राहिलेली भीती यांची खूण शरीरावर उमटते. जबडा आवळला जातो, खांदे ताठरतात, श्वास उथळ होतो. पतंजलींनी योगसूत्रांत दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वास हे चित्तविक्षेपाचे सोबती म्हणून एकत्रच सांगितले आहेत. बडोद्यास माणिकरावांकडे शिकलेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय तपासणी आरंभिली.

अभ्यास सोपा आहे. शवासनात उताणे पडावे. पायांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा. दहा मिनिटे श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा. त्यायोगे हृदयाची गती मंदावते. श्वास कोंडून मात्र धरू नये. अशा वेळी डोळे भरून आल्यास संकोच न करता अश्रू वाहू द्यावेत.

तथापि, भावना ओसरली तरी तिचे कारण उरते. कर्ज, कलह वा वियोग यांविषयी आप्तांशी बोलणे आवश्यकच होय. झोप आणि अन्न सुटले असल्यास केवळ योगावर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावे अथवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला घ्यावा.