कर्नेल मॉड्यूल : आकाराने लहान, अधिकाराने मोठे

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील विंडोज संगणक एकाएकी बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी पाठविलेली एक सदोष फाइल याला कारणीभूत ठरली. या सॉफ्टवेअरचा एक भाग कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नेलमध्ये चालत असल्याने त्यातील चुकीमुळे संपूर्ण संगणकच कोसळला.

कर्नेलमध्ये शिरणारा असा प्रोग्राम कसा लिहिला जातो, हे लिनक्सच्या उदाहरणावरून समजून घेता येते.

मॉड्यूल म्हणजे काय?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिनक्सची निर्मिती सुरू केली. प्रत्येक नव्या उपकरणासाठी संपूर्ण कर्नेल पुन्हा तयार करावे लागू नये, म्हणून त्यात चालू स्थितीतच भाग जोडण्याची व काढण्याची सोय करण्यात आली. या भागांना 'लोडेबल कर्नेल मॉड्यूल' म्हणतात. अनेक ड्रायव्हर याच स्वरूपात असतात.

रचना आणि कृती

सी भाषेतील नेहमीच्या प्रोग्रामची सुरुवात 'मेन' या फंक्शनपासून होते. मॉड्यूलमध्ये ते नसते. त्याऐवजी दोन फंक्शने लिहितात. पहिले मॉड्यूल जोडताना चालते आणि यशस्वी झाल्यास शून्य हे उत्तर देते. दुसरे मॉड्यूल काढताना चालते. सी भाषेचे नेहमीचे ग्रंथालय कर्नेलमध्ये उपलब्ध नसल्याने संदेशासाठी 'प्रिंटएफ'ऐवजी 'प्रिंटके' वापरतात. परवान्याचाही उल्लेख करावा लागतो. तो मुक्त स्वरूपाचा नसल्यास कर्नेलमधील काही फंक्शने मॉड्यूलला वापरता येत नाहीत.

ज्या कर्नेलमध्ये मॉड्यूल जोडायचे, त्याच आवृत्तीच्या हेडर फाइल वापरून ते संकलित केले जाते. तयार झालेली फाइल 'इन्समॉड' या आज्ञेने जोडतात, 'डीमेसेज'ने संदेश पाहतात आणि 'आरएममॉड'ने ती काढून टाकतात.

धोका कोठे?

सामान्य प्रोग्राम चुकला तर कर्नेल तेवढाच प्रोग्राम थांबवते. मॉड्यूलवर मात्र असा पहारेकरी नसतो. चुकीच्या स्मृतिस्थानाला हात लागल्यास संपूर्ण यंत्रणा ठप्प होऊ शकते. घेतलेली स्मृती परत न केल्यास संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत ती अडकून राहते. म्हणूनच जोडताना जे जे घेतले, ते काढताना परत करणे हा मॉड्यूल लिहिण्याचा पहिला नियम होय.

मॉड्यूल जोडण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे 'रूट' वापरकर्त्याकडेच असतो. २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून मॉड्यूलची डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची सोयही लिनक्समध्ये आहे. मात्र स्वाक्षरीमुळे मॉड्यूल कोणाचे आहे एवढेच कळते. ते निर्दोष असल्याची हमी मिळत नाही. त्यामुळे नवशिक्यांनी पहिला प्रयोग कामाच्या संगणकावर न करता आभासी यंत्रावर करणे इष्ट ठरते.