शपथेत अडकलेली नक्कल

वाराणसीची लढत जितकी मोठी, तितकी तिच्या अवतीभवती हौशे, नवशे आणि गवशे यांची गर्दी अधिक, असा आजवरचा अनुभव. २०१४ साली तेथे ४२ उमेदवार रिंगणात होते, २०१९ साली २६. २०२४ साली मात्र अवघे सात उरले.

बाद झालेल्यांत राजस्थानचे विनोदी कलावंत श्याम रंगीला होते. पंतप्रधानांचा आवाज आणि लकबी यांची हुबेहूब नक्कल हीच त्यांची ओळख. नरेंद्र मोदी यांनी अर्ज भरला त्याच दिवशी, म्हणजे १४ मे रोजी, मुदत संपता संपता त्यांनीही अर्ज दाखल केला. दुसऱ्याच दिवशी छाननीत तो फेटाळला गेला. प्रतिज्ञापत्र अपूर्ण आहे आणि शपथ घेतलेली नाही, असे प्रशासनाने कळविले. प्रशासनाने सहकार्य केले नाही, अशी रंगीला यांची तक्रार होती.

ही शपथ साधी नव्हे. द्रविडनाडूच्या मागणीने दिल्ली अस्वस्थ असताना, १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने ती उमेदवारांवर बंधनकारक झाली. देशाच्या सार्वभौमत्वाची आणि अखंडतेची ग्वाही छाननीपूर्वीच द्यावी लागते. नंतर चूक सुधारता येत नाही. फुटीरांसाठी विणलेल्या जाळ्यात साठ वर्षांनी एक नकलाकार सापडला! कायद्याच्या दृष्टीने निर्णयात खोट काढणे कठीण. परंतु निवडणुकीच्या कामावर गेलेले आमचे अनेक वाचक जाणतात की, अर्ज घेतानाच ‘शपथ राहिली आहे’ एवढे बजावायला अर्धे मिनिटही लागत नाही. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराजवळ हे सांगायला वकिलांची फौज असते.

गर्दीचा जाच खोटा नाही. १९९६ साली नलगोंडा लोकसभा मतदारसंघात पाण्याच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी ४८० उमेदवार उभे राहिले आणि यंत्रणेची त्रेधा उडाली. त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजारांवर गेली. पुढे ती पंचवीस हजार झाली. अपक्षाला सूचकही दहा लागतात. एवढे अडथळे ओलांडून आलेल्याची थट्टा मतदारांनीच तोलावी, हे बरे. ब्रिटनमध्ये शपथ निवडून आल्यावर घेतात. तेथे जुलै २०२४ मध्ये डोक्यावर कचऱ्याचा डबा चढविलेला ‘काउंट बिनफेस’ पंतप्रधान ऋषी सुनक यांच्याविरुद्ध लढला आणि ३०८ मते घेऊन निकालाच्या वेळी त्यांच्यासोबत एकाच मंचावर उभा राहिला.

शिवाय थट्टा आणि गाऱ्हाणे यांतील सीमारेषा पूर्वांचलात फार पुसट आहे. वाराणसीजवळच्या आझमगढचे लालबिहारी महसुली दप्तरात मृत ठरले होते. त्यांनी नावापुढे ‘मृतक’ जोडले, १९८८ साली अलाहाबादेत विश्वनाथ प्रताप सिंह यांच्याविरुद्ध आणि १९८९ साली अमेठीत राजीव गांधी यांच्याविरुद्ध ते उभे राहिले. लोक हसले. लालबिहारींना मात्र विजय नकोच होता. सरकारी यादीत जिवंत माणूस म्हणून नाव लागावे, एवढीच त्यांची इच्छा होती. महसूल खात्याने त्यांना जिवंत ठरविले ते १९९४ साली.