छोट्या गोळीचा खेळ आणि आपलं वय

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज कर्ज नाही, परतफेड नाही, शिलाई मशीनही नाही. आज बोलायचंय ते पिस्तुलानं नेम धरण्याच्या खेळाबद्दल. आणि तो खेळ पन्नाशी-साठीतल्या बाईनं पुन्हा हातात घेण्याबद्दल.

"पुन्हा" म्हणते, कारण आपल्यातल्या कितीतरी जणींनी कधी ना कधी नेम धरलेला आहे. जत्रेत छऱ्याच्या बंदुकीनं फुगे कुणी फोडले नाहीत? ज्यांच्या शाळा-कॉलेजात एनसीसी होती, त्यांनी तर खरी रायफल चालवली आहे. जिला सगळे "पॉइंट टू टू" म्हणतात तीच. पालथं पडायचं, बट खांद्याला घट्ट लावायचा, मोजून मिळालेल्या गोळ्या संपवायच्या आणि मग आपला टार्गेटचा कागद बघायला धावायचं. मीही कॉलेजात ते केलंय. पुढं लग्न होतं, घर येतं, मुलं, शेत, सासू-सासऱ्यांची आजारपणं येतात. खेळ थांबव असं कुणी सांगत नाही. आपणच ते गृहीत धरतो.

आधी ही पॉइंट टू टू म्हणजे काय ते समजून घेऊ. इंचाच्या शंभर भागांतले बावीस भाग, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर जाडीची गोळी. अख्खं काडतूस साधारण अडीच सेंटीमीटर लांब, आणि त्यातून सुटणारी गोळी असते अडीच ग्रॅमच्या आसपास. पोलिसांकडच्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी याच्या जवळपास तिप्पट जड असते.

या काडतुसाची आणखी एक खासियत आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. पिस्तुलातली पिन त्या टोपीवर आपटली की ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी सुटते. पॉइंट टू टूमध्ये अशी टोपी नसते. ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेत, आतल्या बाजूनं भरलेला असतो आणि पिन कडेवर आपटते. म्हणून इंग्रजीत याला रिमफायर म्हणतात, रिम म्हणजे कड. एकदा कड चेपली की ते काडतूस पुन्हा भरता येत नाही. हे जुनं तंत्र आहे. आज जे लांब पॉइंट टू टू काडतूस जगभर वापरतात, ते १८८७ सालापासूनचं. बनवायला सोपं, दारू थोडी, म्हणून मोठ्या काडतुसापेक्षा स्वस्त पडतं. सरावाला गोळ्या भरपूर लागतात, त्यामुळे शिकणाऱ्याला हेच परवडतं.

आता वयाचा मुद्दा. गोळी लहान म्हणजे हाताला बसणारा झटका लहान. मोठ्या पिस्तुलाच्या झटक्यानं मनगट दुखतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मनात भीती बसते. मग चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, हात हलतो. पॉइंट टू टूमध्ये झटका नावालाच. त्यामुळे ज्यांची मनगटं धुण्या-भांड्यांनी आणि खुरपणीनं थकली आहेत, त्यांनाही हा खेळ जमतो. पळायचं नाही, उडी मारायची नाही, कुणाला ढकलायचं नाही. एका जागी उभं राहायचं, हात सरळ करायचा आणि स्थिर राहायचं.

पण सोपं नाही हं! बायकांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा याच पॉइंट टू टू पिस्तुलानं होते. पिस्तूल जास्तीत जास्त १४०० ग्रॅमचं, आणि ते एकाच हातात, हात लांब करून धरायचं. दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. एकूण ६० गोळ्या. पहिल्या ३० सावकाश, पाच-पाचच्या गटानं, प्रत्येक गटाला पाच मिनिटं. समोर पस्तीसेक पावलांवर भाकरीएवढं काळं वर्तुळ असतं, २० सेंटीमीटरचं. त्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ५ सेंटीमीटरचं, आपल्या बांगडीपेक्षाही थोडं लहान. नंतरच्या ३० गोळ्या झटपट. त्यासाठी टार्गेट वेगळं असतं, त्यातलं दहाचं वर्तुळ मोठं. हात खाली तिरका धरून थांबायचं, खूण झाली की वर करायचा आणि तीन सेकंदांत एकच गोळी. मग सात सेकंद थांबायचं, पुन्हा तेच. सगळ्या गोळ्या दहात बसल्या तर ६०० गुण.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ सालच्या आशियाई खेळांत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

राही तरुण होत्या, असं तुम्ही म्हणाल. मग जॉर्जिया देशाच्या निनो सालुकवाद्झे यांचं ऐका. १९८८ साली सोलच्या ऑलिम्पिकमध्ये, एकोणीस वर्षांच्या असताना, त्यांनी याच २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. २०१६ साली रिओत त्या आणि त्यांचा मुलगा, दोघंही नेमबाजीत उतरले. टोकियोनंतर थांबायचं त्यांनी ठरवलं होतं. पण त्यांना शिकवणाऱ्या वडिलांनी आणखी एकदा प्रयत्न कर म्हटलं, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये पंचावन्नाव्या वर्षी त्या दहाव्यांदा ऑलिम्पिकला उभ्या राहिल्या. दहा ऑलिम्पिक खेळणारी जगातली पहिली महिला!

आणि खेड्यातलं उदाहरण हवं असेल तर उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यातलं जोहडी गाव. तिथल्या चंद्रो तोमर आणि प्रकाशी तोमर या जावा-जावा. १९९९ साली नातीला शिकायला सोबत म्हणून चंद्रो आजी गावातल्या रायफल क्लबमध्ये गेल्या. नात बिचकत होती, म्हणून आजींनी स्वतः पिस्तूल हातात घेतलं आणि नेम बरोबर लागला. तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. मग प्रकाशी आजीही आल्या. घरच्या पुरुषांच्या नकळत सराव चालायचा. पाण्यानं भरलेला जग हात लांब करून धरून ठेवायचा, म्हणजे हात स्थिर होतो. डोक्यावर पदर घेऊनच दोघी स्पर्धांना जायच्या आणि पदकं घेऊन यायच्या. प्रकाशी आजींची मुलगी सीमा तोमर हिनं २०१० साली शॉटगनच्या विश्वचषकात रौप्यपदक मिळवलं. या आज्ज्यांवर २०१९ साली हिंदी सिनेमाही निघाला. चंद्रो आजी २०२१ साली कोरोनात गेल्या.

आता आपल्या इकडचं सांगते. आमच्या संघातल्या एक ताई चोपन्न वर्षांच्या आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. शाळेत असताना त्या एनसीसीत होत्या. संघाच्या सहलीत आम्ही जिल्ह्याची शूटिंग रेंज बघायला गेलो, तेव्हा त्यांनी फॉर्मची चौकशी केली. पहिले काही महिने छऱ्याचं पिस्तूल, मग प्रशिक्षकांनी क्लबचं पॉइंट टू टू हातात दिलं. दर रविवारी त्या सकाळच्या एसटीनं जातात. घरी काय सांगायच्या? "बँकेच्या कामाला जाते." तिकडं बँक रविवारी बंद असते, हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही!

मी विचारलं, "ताई, खरं का सांगत नाही?" त्या म्हणाल्या, "कामाला जाते म्हटलं तर कुणी अडवत नाही गं. खेळायला जाते म्हटलं की सगळे विचारणार, या वयात?"

मैत्रिणींनो, खरी अडचण ही आहे. आपण जे काही करतो त्यातून काहीतरी निघावं लागतं. पापड लाटले तर पैसे, व्यायाम केला तर शुगर कमी, भजनाला गेलं तर पुण्य. नुसतं बरं वाटतं म्हणून केलं, असं म्हणायला जीभ वळत नाही. घरातला पुरुष पारावर दोन तास पत्ते खेळतो, त्याला कुणी फायदा विचारत नाही.

मग यात मजा काय, तर ती या ताईंच्याच तोंडून ऐका. त्या म्हणतात, "हात वर केला की डोक्यात दुसरं काही राहतच नाही. श्वास अर्धा सोडायचा, चाप हळूहळू दाबत राहायचा. गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळता कामा नये. तेवढ्या वेळात गॅस बंद केला का, हेसुद्धा आठवत नाही." पुढच्या रविवारी त्यांनी घरी सांगितलं, "खेळायला जाते." घरात जरा वेळ कुणी बोललं नाही. मग नातवानं विचारलं, "आज्जी, कुठला खेळ?" सूनबाईंनी डबा भरून दिला.

चाळिशीनंतर एक गोष्ट मात्र आड येते, ती म्हणजे डोळे. पिस्तुलाच्या नळीच्या मागच्या टोकावर खाच असते आणि पुढच्या टोकावर एक छोटं उंच टोक. ते पुढचं टोक खाचेत बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. आपलं लक्ष त्या टोकावर हवं, लांबचं वर्तुळ थोडं पुसट दिसलं तरी चालतं. पण चाळिशीत जवळचं धूसर होतं, सुईत दोरा ओवताना कळतं तसं. वाचायचा चष्मा हातभर अंतरावर उपयोगी पडेलच असं नाही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं, "मला एक हात लांबवरचं स्पष्ट दिसायला हवं." त्या अंतराचा नंबर काढून मिळतो. खांदा आखडला असेल, रक्तदाब असेल, तर तेही डॉक्टरांना आधी विचारा.

आता नियम, ते नीट ऐका. पॉइंट टू टू लहान असली तरी ते हत्यार आहे, त्यानं माणसाचा जीव जातो. आर्म्स ॲक्ट, १९५९ प्रमाणे स्वतःचं पिस्तूल ठेवायला परवाना लागतो. आपल्याला घरात ठेवायचंच नाही. घरात मुलं असतात, भांडणं असतात, दारू असते. हा खेळ रेंजवर, क्लबच्या हत्यारावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली खेळायचा. क्लबचं सदस्यत्व घेताना कोणती कागदपत्रं लागतात ते तिथंच विचारून घ्या.

रेंजवर पाळायच्या गोष्टी अशा. पिस्तूल भरलेलंच आहे असं समजून धरायचं. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि "थांबा" म्हटलं की लगेच थांबायचं. पॉइंट टू टूचं काडतूस कधीकधी उडत नाही. अशा वेळी पिस्तूल वळवून बघायचं नाही. नळी समोरच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं आणि प्रशिक्षकांना हाक मारायची. आवाज लहान वाटला तरी कानांना इजा होते, म्हणून कानांवर संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. गोळीत शिसं असतं, ते हाताला लागतं. साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी या खेळापासून लांब राहावं.

खर्चाचंही स्पष्ट बोलते. परदेशी पिस्तुलं लाखाच्या पुढं जातात, ती आपल्यासाठी नाहीत. क्लबची फी, गोळ्यांचा खर्च आणि एसटीचं भाडं, एवढं धरून चालायचं. सुरुवात छऱ्याच्या पिस्तुलानं करावी. त्यात छरे स्वस्त, झटका नाही आणि उभं राहणं, श्वास, चाप हे सगळं तेच. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनकडे चौकशी करा. पुण्यात बालेवाडीला आणि मुंबईत वरळीला मोठ्या रेंज आहेत. ज्येष्ठांच्या गटात स्पर्धाही होतात. पण स्पर्धेला जायलाच हवं असं नाही.

ज्यांना रेंज लांब पडते, त्यांनी घरी तांब्या घ्या. अर्धा पाण्यानं भरा, हात खांद्याच्या रेषेत लांब करा आणि तीसपर्यंत मोजा. पाणी हलता कामा नये. दमलात तर हात खाली. रोज पाच वेळा. खांदा दुखला तर थांबा. महिन्याभरात हात किती ठरतो ते तुमचं तुम्हालाच कळेल.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं यासाठी ठेवा. प्रत्येकीनं आपण कोणता खेळ अर्ध्यावर सोडला ते सांगायचं. नेमबाजी असेल, खो-खो असेल, कबड्डी असेल. वहीत नावापुढं लिहून घ्या. समोर फायद्याचा रकाना मात्र आखू नका.