एका रानकांद्याची तीन नावे

वैशाखात माळरान करपून गेलेले असते. अशा वेळी खडकाळ जमिनीतून एकही पान नसलेला एक उंच दांडा वर येतो. संध्याकाळी त्यावर मळकट पांढरी, घंटेसारखी फुले उमलतात. हा रानकांदा, कोणी त्याला कोळकांदा म्हणतात. पाऊस सुरू झाला की फुलांचा मागमूस नसतो. त्याच जागी लांब पानांचा झुबका डोलत असतो.

विद्यार्थी मित्रांनो, ही दोन रूपे वेगवेगळ्या ऋतूंत पाहणाऱ्याला त्या दोन वनस्पती वाटल्या, तर नवल नाही. आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एका मापनावर निष्कर्ष काढत नाहीत. कंदवर्गीय वनस्पतींनाही तोच नियम लागू आहे. पान, फूल, फळ, बी आणि कंद, सारे तपासल्याशिवाय 'नवी जाती सापडली' असे म्हणता येत नाही.

रॉक्सबर्ग यांनी रानकांद्याला 'सिला इंडिका' म्हटले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, ते वर्णन छापून आले. १८४३ मध्ये कुंथ यांनी त्याला चपट्या बियांच्या 'अर्जिनिया' प्रजातीत घातले. १९७७ मध्ये जेसॉप यांनी तो 'ड्रिमिया' प्रजातीत नेला. 'इंडिका' हे जातिनाम मात्र कायम राहिले. असे का? प्रजाती म्हणजे नातेसंबंधाविषयीचा निष्कर्ष. पुरावा वाढला की तो बदलतो.

गुणसूत्रे मोजली की प्रश्न सुटेल, असे वाटते ना? पण रानकांद्यात २०, ३० आणि ४० गुणसूत्रे असलेली झाडे आढळतात. केवळ संख्या वेगळी म्हणून प्रत्येकाला नवे नाव देता येत नाही.

नवी जाती ठरवायची तर जुन्या नमुन्यांशी तुलना करून फरक दाखवावा लागतो. एक सुकवलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. तो त्या नावाचा आधार. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत प्रसिद्ध करावे लागते. २०१२ पूर्वी ते लॅटिनमध्येच द्यावे लागे.

एवढे होण्याआधीच माळ खणला गेला, तर जाती नावाविनाच नाहीशी होईल. जिचे नावच नाही, तिच्या रक्षणाची मागणी कोण करणार?

तेव्हा कुतूहलापोटी कांदा उपटू नका. जवळच्या दगडावर खूण करा. फूल, फळ आणि पान केव्हा आले, त्या तारखा वर्षभर वहीत लिहा. एका कांद्याची एवढी नोंदही वनस्पतिशास्त्रज्ञाच्या उपयोगी पडेल.