मागच्या सीटवरून पाहिलेल्या नव्या गाड्या

भाच्याला तासवडे एमआयडीसीत नोकरी लागली आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "मामू, गाडी घ्यायचीय. रविवारी कराडला या."

आमच्या खानदानात कोणाला मोटारसायकल घ्यायची असली की आम्हाला बोलावणे येते. पंचवीस वर्षांत आम्ही सात गाड्या वापरल्या, त्यातल्या दोन नट-बोल्टपर्यंत खोलून पुन्हा जोडल्या. या शौकापायी बेगमची बोलणीही पुष्कळ खाल्ली. त्यामुळे निरोप आला की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहत नाही.

भाच्याने मोबाईलवर पाच गाड्या काढून ठेवल्या होत्या. यामाहा आर१५, केटीएम ड्यूक, रॉयल एनफिल्ड हंटर, ट्रायम्फ स्पीड ४०० आणि एक पल्सर. पाचही फोटो आम्ही नीट पाहिले. गाड्या देखण्या, रंग झकास. पण पाचही फोटोंत गाडीवर एकच माणूस होता. आणि आमच्या भाच्याला रोज सकाळी अम्मीला मागे बसवून बारा किलोमीटरवरच्या शाळेत सोडायचे होते. अम्मी म्हणजे आमची थोरली आपा. ती शिकवते त्या गावावरूनच त्याचा कंपनीचा रस्ता जातो.

"अम्मीला विचारलंस?" आम्ही म्हणालो.

"त्यांना गाडीतलं काय कळतं?"

आपा आतून ऐकत होती. ती म्हणाली, "मला गाडीतलं कळत नाही, पण सीटवरचं कळतं. रविवारी मीपण येते."

म्हणून आम्ही तिघे मिळून गाड्या पाहिल्या. आजवर आम्ही ज्या बाजूने कधी गाडी पाहिली नव्हती, ती बाजू यावेळी पाहायला मिळाली.

गाडीवर माणूस कसा बसतो हे तीन जागा ठरवतात: हँडल, सीट आणि पायाची खुंटी. १९९४ साली आलेली स्प्लेंडर घ्या. हँडल उंच, पाय सरळ खाली, सीट एकसंध, लांब आणि जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर. पाठ ताठ राहते. गाडीचे वजन ११२ किलो, चेनला पूर्ण कव्हर. तरुण पोरे तिला 'अब्बांची गाडी' म्हणतात. म्हणोत बापडी! ती काढणाऱ्यांनी घर डोळ्यासमोर ठेवले होते.

२००१ साली बजाजची पल्सर आली आणि आपल्याकडच्या पोरांची नजर बदलली. मायलेजच्या जोडीला ताकद हवी, गाडी रुंद दिसायला हवी, असे वाटू लागले. २००८ मध्ये आर१५ आली, २०१२ मध्ये आपल्या चाकणला बनलेली ड्यूक २००. आर१५चे हँडल खाली आणि जवळ, पाय मागे आणि वर, छाती टाकीवर झुकलेली. ही रेसची बैठक आहे. वेगात वारा अंगावरून निसटून जातो आणि पुढच्या चाकावर वजन राहिल्याने वळणावर गाडी पकड सोडत नाही. गाडी चालवायला अप्रतिम आहे, यात शंका नाही. आम्ही शोरूमच्या मागच्या रस्त्यावर एक फेरी मारली आणि पन्नाशी जवळ आल्याचे चार मिनिटे विसरलो. मग मनगटांनी आठवण करून दिली.

आपा त्या गाडीवर बसायला गेली. पुढच्या सीटची उंचीच ८१५ मिलिमीटर, मागची त्याहून बरीच वर आणि हातभर लांबीची. एका हाताने बुरखा सावरत ती चढली खरी, पण तिचे गुडघे भाच्याच्या बरगड्यांना लागले आणि डोके त्याच्या डोक्याच्या वर गेले.

"अरे, आभाळात बसवलंस मला," ती म्हणाली. शोरूममधला पोरगा हसला, भाचा नाही हसला.

स्पीड ४००वर आमचेच मन गुंतले. ३९८ सीसी, ४० पीएस ताकद, नाव इंग्लंडचे पण बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होते. बैठक सरळ, इंजिन लोण्यासारखे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के झाला. पहिल्या पगाराच्या पोराने या रेषेच्या अलीकडेच राहावे, असे आमचे मत पडले. मन मारून पुढे गेलो.

हंटर ३५० या रेषेच्या जरा अलीकडे, ३४९ सीसीची. २०२२च्या ऑगस्टमध्ये आली. त्याच कंपनीच्या क्लासिकपेक्षा हलकी, १८१ किलोची. दोन चाकांमधले अंतर १,३७० मिलिमीटर, म्हणजे आखूडच, त्यामुळे बाजारपेठेच्या गर्दीतही झटकन वळते. सीट एकसंध आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये कंपनीने मागचे सस्पेन्शन बदलले, ते मागच्या माणसाच्या दृष्टीने बरे झाले. आपा तिच्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली, हलून पाहिले आणि काही बोलली नाही. आपा काही बोलत नाही तेव्हा तिला पसंत असते.

त्याच दिवशी एका गाडीची सीट पाहून मात्र ती स्वतःहून म्हणाली, "ही लांब आहे." ती बजाजची फ्रीडम १२५ होती. जुलै २०२४ मध्ये आलेली ही गाडी सीएनजीवर चालते, जोडीला दोन लिटरची पेट्रोलची टाकी. दोन किलो गॅसची नळकांडी सीटखाली आडवी बसवायची म्हणून सीट लांबवावी लागली. ७८५ मिलिमीटर लांब! तंत्राच्या गरजेपोटी का होईना, मागच्याला जागा मिळाली. भाच्याने तोंड वेडेवाकडे केले. त्याचेही खरे होते. बावीस वर्षांच्या पोराला गाडीकडे पाहून आनंदही व्हायला हवा. निव्वळ हिशेबाची गाडी घेतली तर महिनाभराने तो मित्राची गाडी मागत फिरेल.

साडी गार्डची गोष्ट

शेवटी गाडी हंटरच ठरली, वरच्या मॉडेलची, म्हणजे दोन्ही चाकांना एबीएस. बुकिंग करताना भाचा काउंटरवरच्या माणसाला हळूच म्हणाला, "साडी गार्ड लावू नका, मागचं चाक मोकळं छान दिसतं."

आता आम्हाला एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हते. ती घरात सगळ्यांना माहीत आहे, पण भाच्याला कोणी पुरती सांगितली नव्हती.

बावीसच्या वयात आमच्याकडे जुनी आरएक्स १०० होती. दोन-स्ट्रोक इंजिन, वजन शंभर किलोच्या आसपास, मूठ पिळली की पुढचे चाक हलके व्हायचे. तेव्हाच्या फॅशनप्रमाणे आम्ही तिचे साडी गार्ड काढले, चेनचे कव्हर काढले, आरसेही काढले. आपा माहेरी आली होती, तिला दवाखान्यात न्यायचे होते. ती एका बाजूला पाय करून मागे बसली. कृष्णा पुलाच्या अलीकडे तिच्या ओढणीचे टोक चेनमध्ये गेले. आमचा वेग तीसच्या वर नसेल. मागून एकदम ओढ बसली, काय झाले ते कळायच्या आत ती रस्त्यावर होती. मनगट मोडले, कानामागे सात टाके पडले. ओढणी पिनांनी बांधलेली नव्हती म्हणून गळ्यावरून सुटून गेली. बांधलेली असती तर काय झाले असते, याचा विचार आम्ही आजही करू इच्छित नाही.

बहुतेक गाड्यांची चेन डाव्या बाजूला असते आणि बाई एका बाजूला बसते तीही डावीकडेच. ओढणी, पदर, बुरख्याचा घेर नेमका तिथेच लोंबतो. म्हणून तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाने मागे बसायची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला तीन गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत: धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला खुंटी आणि मागचे निदान अर्धे चाक झाकणारे, कपडे अडकू न देणारे कवच. गाडी घेताना पोरे पहिल्यांदा तेच काढायला लावतात. आम्हीही त्यांतलेच होतो.

भाचा काउंटरवर परत गेला आणि म्हणाला, "गार्ड राहू द्या."

कपड्यांचे थोडे इथेच सांगतो. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे केव्हाही चांगले. तोल मधोमध राहतो आणि ब्रेक लागला तरी माणूस घसरत नाही. आपा आता बुरख्याचा घेर गोळा करून मांडीखाली दाबते आणि दुपट्ट्याची दोन्ही टोके आत खोचते. हेल्मेट हिजाबवर घालायचे तर आत पातळ, सपाट बसणारे कापड हवे आणि हेल्मेटखाली एकही पिन नको. पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतका आवळलेला. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याकडेला टोपीसारखी हेल्मेटे मिळतात. घरात एक चांगले हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागच्याला दोनशेची टोपी, असे आम्ही अनेक घरांत पाहतो. केंद्र सरकारच्या २०२२च्या अहवालात हेल्मेट नसताना दगावलेल्या दुचाकीवरच्या माणसांची संख्या ५०,०२९ आहे. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते.

चालवण्याची ढब

गाडी येईपर्यंत दोन रविवार आम्ही भाच्याला घेऊन मोकळ्या मैदानावर गेलो. त्याला चालवता येत होतेच, पण ती ढब मोबाईलवरच्या व्हिडिओंतून उचललेली. वळणावर अंग बाहेर काढायचे, गुडघा खाली न्यायचा. रेसच्या ट्रॅकवर याला अर्थ आहे. अंग आत झुकले की त्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. मागे अम्मी असताना असे केले तर ती घाबरून उलट बाजूला झुकणार आणि गाडी सरळ रस्त्याच्या बाहेर जाणार. म्हणून पहिला धडा आपाला दिला: वळण ज्या बाजूचे, त्या खांद्यावरून समोर पाहायचे. एवढे केले की अंग आपोआप गाडीबरोबर झुकते.

दुसरा धडा ब्रेकचा. आमच्या अब्बांनी आम्हाला शिकवले होते, "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील." खडीच्या रस्त्यांच्या आणि ड्रम ब्रेकच्या काळात त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण गाडी थांबते तेव्हा सगळे वजन पुढे सरकते. मागचे चाक हलके होते आणि नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते लॉक होऊन घसरते. थांबवण्याचे मोठे काम पुढच्या ब्रेकचे आहे. तो झटक्याने न दाबता, लिंबू पिळावे तसा वाढवत न्यायचा. मागे माणूस असला की मागच्या चाकावरही वजन असते, म्हणून तेव्हा मागचा ब्रेकही जास्त कामाला येतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण अंतर काही खाऊन टाकत नाही. आम्ही मैदानावर चुन्याने रेघा मारल्या. धोका दिसून हात हलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर बेताचा ब्रेक लावून ताशी ४०च्या वेगाला थांबायला साधारण २३ मीटर लागतात. ६०ला ४५ मीटर. वेग दीडपट झाला, अंतर जवळजवळ दुप्पट. भाचा दोन्ही रेघांमध्ये बराच वेळ उभा होता.

ही रेघ आमच्या भागात महत्त्वाची आहे. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे धुके असते आणि पुढे एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेली उसाची टोके तेवढी दिसतात, तीही अगदी जवळ गेल्यावर.

मागच्या चाकात हवा किती हवी हे गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी वेगळे आणि दोघांसाठी वेगळे दिलेले असते. मागचे शॉकअप्सही पायरीपायरीने कडक करता येतात. शंभरातले नव्वद जण गाडी विकेपर्यंत हे दोन्ही करत नाहीत.

गाडी आली त्याला आता अडीच महिने झाले. आपाने स्वतःची एक मोजपट्टी काढली आहे. ब्रेक किंवा गिअर धसमुसळेपणाने पडला की तिचे हेल्मेट पुढे जाऊन भाच्याच्या हेल्मेटवर आपटते, टक! शाळेच्या फाटकाशी उतरली की ती आकडा सांगते. पहिल्या दिवशी अकरा झाले होते. भाचा रागावला, मग क्लच सोडायची सवय बदलू लागला, गतिरोधक लांबून हेरू लागला. अठरा मिनिटांच्या रस्त्याला आता चोवीस मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात आदल्या दिवशीचे स्टाफरूममधले सगळे बोलून होते, असे आपा सांगते.

परवा फोनवर आम्ही विचारले, "आज किती?"

"एक," भाचा म्हणाला. "तोही कुत्रं आडवं आलं म्हणून, मामू. तो धरायचा नसतो."

मागून आपाचा आवाज आला, "धरायचा."