*पिकअपच्या मागून आवाज येतोय? आधी ऐका, मग खोला*



लाल कांद्याचा हंगाम तोंडावर आला आहे. आता रोज गाड्या भरून मार्केटला जातील. याच गाड्या पावसाळाभर ओढ्याच्या पाण्यातून, चिखलातून, खड्ड्यांतून गेल्या आहेत. म्हणून आजचा मेसेज पिकाचा नाही, गाडीचा आहे. तुमची जुनी बोलेरो पिकअप असो की छोटा हत्ती, मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि मागे पाटे असलेल्या सगळ्या गाड्यांना हे लागू आहे.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या पिकअपला मागून घरघर सुरू झाली. डिफरन्शिअल गेलं असं धरून ते उघडायची तयारीही झाली. तेवढ्यात एकाने खाली वाकून प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून पाहिला, तर मधल्या बेअरिंगचं रबर फाटलेलं! काम दुपारपर्यंत आटोपलं, डिफरन्शिअलला हात लावायची वेळच आली नाही.

धडा एकच: आवाज *कुठून* येतो यापेक्षा *कधी* येतो ते आधी बघा. आवाज चॅसीतून आणि पत्र्यातून फिरतो, त्यामुळे जागा फसवते. वेळ सहसा फसवत नाही.

*ताकदीचा रस्ता लक्षात ठेवा*
इंजिन – क्लच – गिअरबॉक्स – प्रोपेलर शाफ्ट – डिफरन्शिअल – ॲक्सल – चाक. बिघाड या साखळीत कुठेतरी असतो, नाहीतर पाट्यांत.

*१) चालवून बघा*
गाडी रिकामी करा. हौद्यातली टामी, जॅक, कॅरेट काढा. फाळक्याच्या कड्या घट्ट लावा, कारण बरेच आवाज नुसते फाळक्याचेच असतात. काचा खाली, टेप बंद. ऐकायला एक जण केबिनमध्ये घ्या, हौद्यात कोणी बसू नये.

🔸 *गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकल्यावर एकदाच "खट्ट":* शाफ्टचा क्रॉस झिजला असेल किंवा पाट्यांचे यू-बोल्ट ढिले असतील. हे दोन्ही आधी बघा. डिफरन्शिअलचा नंबर त्यानंतर.

🔸 *हळू चालताना लयीत "चिर्र-चिर्र", वेग वाढला की ताल वाढतो:* क्रॉस कोरडा पडलाय. निपल असेल तर ग्रीस मारा. कपाजवळ तांबूस पूड दिसली तर मात्र ग्रीसने भागणार नाही, क्रॉस बदला.

🔸 *ठरावीक वेगाला थरथर:* सरळ रिकाम्या रस्त्यावर त्या वेगाला क्षणभर क्लच दाबा. थरथर तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. शाफ्टला चिकटलेला वाळका चिखल, फुगलेला टायर किंवा मधलं बेअरिंग तपासा. नुकताच शाफ्ट खोलला असेल तर खुणा जुळवून बसवलाय का, हे मिस्त्रीला विचारा.

🔸 *ॲक्सिलरेटर दाबला की "ऊंऽऽ", सोडला की आवाज बदलतो:* हा डिफरन्शिअलचा आवाज. पण उघडण्याआधी त्याचं ऑईल बघा.

🔸 *एकसारखी घूंघूं, ॲक्सिलरेटरने फरक नाही, पण वळणावर कमी-जास्त होते:* चाकाचं बेअरिंग. डांबरी रस्ता सोडून सिमेंटवर गेल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा.

🔸 *फक्त वळताना मागून टकटक:* डिफरन्शिअलच्या आतले छोटे गिअर किंवा ॲक्सल.

🔸 *इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही:* क्लच सरकतोय. चढावर भरलेली गाडी घेऊन जाण्याआधी दाखवा.

🔸 *उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये:* क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर बंद झाला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग.

*२) उभ्या गाडीत बघा*
सपाट जागा, इंजिन बंद, चारही चाकं जमिनीवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. मग गाडी न्यूट्रल करा.

🔹 शाफ्ट हाताने पिळा. क्रॉसच्या दोन्ही बाजू एकत्रच हलल्या पाहिजेत. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर हलली तर क्रॉस गेला. शाफ्ट वर-खाली हलवून मधलं बेअरिंग बघा.

🔹 डिफरन्शिअलचा ऑईल भरायचा बोल्ट काढून पातळी बघा. ऑईल दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय. गरम डिफरन्शिअल ओढ्याच्या थंड पाण्यात बुडालं की पाणी आत ओढून घेतं. बोल्टवर बारीक करडा लेप चालतो. चकत्या किंवा तुकडे दिसले तर गाडी थांबवा. पुस्तिकेत लिहिलेलंच गिअर ऑईल भरा, इंजिन ऑईल नको.

🔹 मागच्या चाकाच्या आतून ऑईल ओघळलंय? ॲक्सलचं सील गेलंय, ते ऑईल ब्रेकवर जातं. सील बदलताना हाउसिंगवरचा श्वासनळीचा निपल साफ करून घ्या. तो चिखलाने बुजला की नवं सीलही गळतं.

*३) पाटे बघा*
🔹 दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेपने मोजा. एक बाजू स्पष्ट खाली असेल तर त्या बाजूचा पाटा तुटलाय किंवा बसलाय. तडा सहसा मध्याजवळ यू-बोल्टखाली किंवा डोळ्यापाशी असतो. आधी घासून धुवा, मग शोधा.

🔹 पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजू मोजा. फरक आला तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय. अशी गाडी मागून बघणाऱ्याला तिरकी चालताना दिसते.

🔹 यू-बोल्टच्या कडेला घासल्याची चकाकी किंवा तांबूस रेघ म्हणजे तो ढिला आहे. पाट्याचं काम झाल्यावर काही फेऱ्यांनी यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. हे बहुतेक जण विसरतात आणि सेंटर बोल्ट त्यामुळेच तुटतो.

🔹 खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्ही शॉकअपला हात लावा. काम करणारा कोमट लागतो. एक कोमट आणि एक गार, तर गार असलेला मेलाय.

*"एक पाटा वाढवून घेऊ का?"*
हा प्रश्न नेहमी येतो. पाटा वाढवला म्हणून ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चॅसीची ताकद वाढत नाही. उलट मागची बाजू उचलली जाते, शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर झिजतो. आरसी बुकावर भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. त्यातला फरक ही तुमची मर्यादा, आणि त्यात माणसंही आली.

*⚠️ हे दिसलं तर माल भरू नका*
✅ मुख्य पाट्याला तडा
✅ सरकलेला ॲक्सल
✅ हाताला खेळणारा क्रॉस
✅ ब्रेक ड्रमवर ऑईल

शाफ्टचा पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उलटू शकते. एक फेरी चुकली तर कांदा उद्या जाईल. गाडीत आपला माणूस बसलेला असतो.

*गाडीखाली जाताना:* नुसत्या जॅकवर कधीच जाऊ नका, स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. मागची चाकं उचलली की त्याचा उपयोग नाही, म्हणून पुढच्या चाकांना दगड लावाच.

मिस्त्रीकडे जाताना नुसतं "मागून आवाज येतो" असं सांगू नका. तीन गोष्टी सांगा: *कोणत्या वेगाला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर, रिकामी असताना की भरलेली असताना.* तो नेमक्या जागी हात घालेल आणि तुमचा खर्च वाचेल.

शेजाऱ्यापाजाऱ्यांत ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांना हा मेसेज पाठवा. सोमवारी गाडी भरायची असेल तर तपासणी रविवारीच उरकून घ्या.


– आपली शेतकरी उत्पादक कंपनी